फणसाची पाचर

"...बसायला हवेत, चाचा, आणि निघायलाही हवेत. भोक मात्र एकही पडता कामा नये. जमेल?"

अब्बास तांडेलांनी मान वर केली नाही. माडाच्या झापांच्या खोपीत बसून, जाळ्याचा फाटका कोपरा पायाच्या अंगठ्यात अडकवून ते सांधत होते.

"काय बसायला हवंय?"

"स्पीकर. दोन."

सुई थांबली... आणि पुन्हा चालू लागली.

उल्हास केणीनं खांद्यावरची गोणी वाळूत उतरवली. आत दोन काळे डबे होते, एकेक कलिंगडाएवढा. पावसाला न भिणारे, खाऱ्या पाण्याला न भिणारे.

सावरे खाडी त्यांना चांगली ओळखून होती. गेल्या साली उल्हासनं पाहुणे फिरवायच्या बोटीवर ते पहिल्यांदा वाजवले, तेव्हा पलीकडच्या तीरावर सात नारळ आपणहून खाली आले. माडांचा मालक भांडायला होडी घेऊन आला. तासभर भांडला. काय म्हणाला ते कोणालाच ऐकू आलं नाही, म्हणून भांडण झालं नाही असंच धरलं गेलं. खाडीतले खेकडे तिरपे चालायचे ते त्या आठवड्यात सरळ चालत होते, असं शपथेवर सांगणारी माणसं अजून हयात आहेत.

अब्बास तांडेलांच्या कानाबद्दल मात्र कोणी शपथ घेत नसे. गरजच नव्हती. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांड्याला कान लावायचा, आणि खाली घोळ मासळी आहे की धोमा, येतेय की जातेय, ते सांगून मोकळं व्हायचं. एकदा म्हणाले, खाली दोन मासे भांडतायत. जाळं ओढलं तर दोघेही एकमेकांकडे पाठ करून आले.

या माणसाकडे उल्हास वयाच्या विसाव्या वर्षी शिकायला आला. पहिल्याच दिवशी सुकाणू हातात मिळेल म्हणून बाह्या सरसावून बसला. आणि चाचांनी शिकवलं काय? ओ द्यायला.

सावरे खाडीत थंडीचं धुकं असं पडतं की आपली विडी पेटली की नाही, हे चटका बसल्यावर कळतं. त्यात एका होडीनं हाक मारायची, दुसरीनं ओ द्यायची. ओ आली की हाक मारणारा गप्प होतो. नाही आली तर मारत राहतो.

"कोण आहे, कशाला मारतोय, ते मागाहून," चाचा म्हणाले होते. "आधी ओ द्यायची."

स्वतः चाचांनी एकदा धुक्यात अशी ओ दिली, तर हाक मारणारी म्हैस निघाली. ओहोटीनं वाहून चालली होती बिचारी. ओ ऐकली आणि होडीमागून पोहत घरापर्यंत आली. पुढे अकरा वर्षं तिनं चाचांशिवाय दुसऱ्या कोणाला धार काढू दिली नाही.

उल्हास पोट धरून हसला होता. "म्हशीला ओ देणारा गुरू मिळाला मला!"

पण कान तयार झाला तो त्याचाच. चाचांना स्तुतीची सवय नव्हती. तरी एकदा चार माणसांत म्हणून गेले, "याचा कान माझ्यापेक्षा बरा आहे." ते वाक्य उल्हासनं पुढे दहा वर्षं छातीवर बिल्ल्यासारखं लावून मिरवलं.

मग पाहुणे येऊ लागले. चाचांनीच बांधून दिलेल्या बोटीवर उल्हासनं छप्पर चढवलं, बाकडी टाकली, स्पीकर ठोकले आणि चाचांना सांगून टाकलं, "तुमचा कान आता कपाटात ठेवा, चाचा. लोकांना ऐकायचं नसतं. त्यांना वाजायला हवं असतं."

 

आता सुई जाळ्यात टोचून चाचा उठले. गुडघाभर पाण्यात बोट बांधलेली होती, तिच्याकडे गेले आणि तिच्या काठावरून हाताचं बोट फिरवू लागले. एक भोक... दोन... आठापर्यंत. प्रत्येकात भोक बुजवायची लांबी भरलेली होती, आणि प्रत्येकातली निम्मी पावसाळ्यात गळून पडली होती.

"ही कोणी पाडली?"

"मीच. स्क्रूची आहेत."

"आणि स्पीकर उपटले कोणी?"

"मीच... त्या दिवशी. पहारीनं."

"मग परत कशाला?"

"पाहुणे मागतात, चाचा. गाण्याशिवाय बोट म्हणजे त्यांना मयताची वाटते."

चाचांनी डोळ्यांवर हात धरून सगळा किनारा न्याहाळला. एक कुत्रं, दोन कावळे.

"पाहुणे दिसत नाहीत कुठे. मी तुला विचारलं."

उल्हासनं गोणीचं तोंड उगाच सोडलं, पुन्हा बांधलं.

"दोन वेळा नेली बोट, स्पीकर न लावता," तो म्हणाला. "दोन्ही वेळा त्या खडकापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढे... नेववत नाही."

त्या खडकाचं नाव घ्यायची गरज नव्हती. मार्गशीर्षातल्या रविवारी तिथेच झालं होतं ते. अठरा पाहुणे पुढच्या बाजूला नाचत होते. उल्हास सुकाणूवर होता. धाकटा भाऊ दिगंबर मागे ओणवा होऊन इंजिनाच्या पंख्याजवळ पाण्यात लोंबणारा दोर वर ओढत होता. दोर पंख्यात गेला, दिगूचा पाय दोरात गेला. हिसका बसला, दोर तुटला. बोट पुढे गेली. दिगू मागे राहिला, पायात दोराचं भेंडोळं घेऊन.

पलीकडच्या चिखलात बायका तिसऱ्यांचे शिंपले वेचत होत्या. अर्ध्या कोसावर. त्यांना ऐकू आलं. दादा... दादा... दादा. तीनदा. हात हलवून, पदर हलवून त्या ओरडल्या. बोटीवरच्या पाहुण्यांनी त्यांना हात हलवून दाखवला.

उल्हास दिगूपासून बावीस हातांवर होता. खाडीतला सगळ्यांत तयार कान घेऊन.

थोड्या वेळानं कोणीतरी चहा मागितला. उल्हासनं मागे न बघताच हाक मारली, "दिगू, चहा आण रे!"

ओ आली नाही.

"...आता इंजिन मंद केलं की ऐकू येतं," उल्हास चाचांना सांगत होता. "म्हणून स्पीकर पाहिजेत. दुसरं काही नाही. मोठ्यानं लावले की दबतं जरा."

"मग पक्के ठोक की. निघायला कशाला हवेत?"

"बोट घरासमोर बांधतो मी. शेवंती असते दारात." शेवंती दिगूची बायको. "एक शब्द बोलत नाही ती मला. जेवायला वाढते, पाणी ठेवते. पण ते डबे तिच्या डोळ्यांपुढे... नाही, चाचा. घराकडे वळलो की काढून गोणीत घालीन. बाहेर पडलो की लावीन."

"बटण होतं ना त्याला?"

"कशाला?"

"आवाज कमी करायला. त्या दिवशी. होतं ना बटण?"

उल्हासनं सुकाणूकडे पाहिलं.

"होतं."

"कुठे?"

"...सुकाणूच्या बाजूलाच. हाताला लागेल असं."

चाचांनी मान हलवली, आणखी एक मोजमाप मिळाल्यासारखी. काठाची जाडी त्यांनी वितीनं मापली.

"गाणं कुठलं चाललं होतं?"

 नऊ महिन्यांत हे उल्हासला कोणी विचारलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. पाहुण्यांचे रंगीत सदरे आठवले, एका बाईची उडालेली टोपी आठवली, चहाची किटली आठवली. गाणं आठवेना. ठेकासुद्धा आठवेना.

"नाही आठवत, चाचा."

"म्हणजे तेही ऐकलं नव्हतंस."

हे इतक्या साधेपणानं म्हटलं गेलं की उल्हासला राग धरायला जागाच सापडली नाही. तो वाळूत खाली बसला.

चाचा मात्र कामाला लागले. खोपीच्या मागून फणसाच्या लाकडाचे जुने तुकडे निघाले. दोन फळ्या काठाला आतून-बाहेरून चिमट्यासारख्या धरतील अशा तासल्या. काठ खरचटू नये म्हणून मध्ये टायरची रबरी पट्टी घातली. वर स्पीकरपुरती बैठक केली, आणि एका बाजूनं पाचर. बोटभर लांबीची, खाली निमुळती.

बाराच्या सुमाराला चाचांनी बैठक काठावर चढवली, स्पीकर ठेवला आणि लाकडी मोगरीनं पाचरीवर तीन ठोके दिले. स्पीकर असा घट्ट बसला की उल्हासनं दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तर बोटच त्याच्याकडे आली.

"आणि निघतो कसा?"

चाचांनी पाचरीला खालून एक टिचकी दिल्यासारखा ठोका दिला. पाचर तळहातात पडली. स्पीकर, बैठक, फळ्या सगळं हातात आलं. काठ होता तसा. नवं भोक एकही नाही.

जुनी आठ तेवढी होती.

"हे निघालं," चाचा म्हणाले आणि पाचर कमरेला खोचली. मग खोपीत जाऊन आपलं जुनं वल्हं घेऊन आले. दांड्याचं टोक कानाच्या घर्षणानं गुळगुळीत झालेलं. त्यांनी पातं पाण्यात सोडलं आणि दांडा उल्हासकडे तिरका केला.

"लाव कान."

"चाचा, नको."

"लाव."

उल्हास पाण्यात उतरला. पाहुणे फिरवायला लागल्यापासून त्यानं वल्ह्याला कान लावला नव्हता. लाकूड गार होतं. आधी त्याचं स्वतःचंच रक्त ऐकू आलं, धप् धप्. मग तळातल्या बारीक कोळंबीची कडकड, तेलात मोहरी पडावी तशी. मग ओहोटीचं पाणी, वाळू ओढत बाहेर निघालेलं. सगळं जागच्या जागी होतं. कान गेला नव्हता त्याचा. हेच त्याला सोसवेना.

आणि मग त्या सगळ्याच्या खालून...

त्यानं चटका बसल्यासारखा कान बाजूला घेतला.

"येतोय?"

"...येतोय."

"किती वेळा?"

"बायका म्हणतात, तेव्हा हाक तीनदा होती. आता थांबतच नाही. मी जेवत असलो तरी, देवासमोर बसलो तरी. आमचा दिगू असा नव्हता हो, चाचा. एकदा नाही म्हटलं की पुन्हा मागायचा नाही कधी. आणि आता बघा कसा..." त्यानं काठ दोन्ही हातांनी धरला. "हे कसं काढू, ते सांगा. स्पीकर गेला खड्ड्यात. हे कसं काढू?"

चाचा वल्हं धरून उभे होते.

"पहिल्या दिवशी काय शिकलास माझ्याकडे?"

उल्हासनं त्यांच्याकडे पाहिलं.

एका अक्षराचा शब्द. पाळण्यातलं मूल देतं. चाचांनी म्हशीला दिला होता.

त्यानं खडकाकडे तोंड केलं. छाती भरून घेतली. ओठ गोल झाले. गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या...

आवाज आला नाही.

पुन्हा छाती भरली. पुन्हा ओठ गोल झाले. नुसता वारा बाहेर पडला, फुटक्या पाव्यातून पडावा तसा. तिसऱ्यांदा तर तेवढाही नाही.

ओ दिली म्हणजे ऐकलं, असं होतं. आणि आज ऐकलं, तर मग तेव्हा का नाही...

चाचांनी घाई केली नाही. त्याच्या गुडघ्यांवरचं पाणी उतरून घोट्यापर्यंत आलं, बोटीचा तळ वाळूला टेकला, तोवर ते उभे राहिले. ऐंशी वर्षांचे पाय, पण हलले नाहीत. उल्हास खडकाकडे तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता, किनाऱ्यावर ओढून टाकलेल्या माशासारखा.

शेवटी चाचांनी वल्हं वाळूत रोवलं. स्पीकर उचलला, बैठक काठावर चढवली. कमरेची पाचर काढून जागेवर लावली. ठोका... ठोका... ठोका.

मग मोगरी उल्हासच्या हातात दिली आणि त्याची बोटं तिच्यावर आपल्या हातानं मिटवली.

"ओ फुटेल त्या दिवशी काढ."