आजोबा राजांचा शब्द

एक होता राजा, पण वारलेला. घाबरताय काय? पांघरूण खाली घ्या पाहू.

दूर डोंगरांच्या देशात राजाला इंका म्हणायचे, सूर्याचा मुलगा मानायचे. तिथली रीतच न्यारी, बरं का. राजा वारला तरी महाल त्याचा, शेतं त्याची, मक्याची कोठारंही त्याचीच. त्याला छान सुकवून, नटवून आसनावर बसवायचे. नव्या राजाला काय? नुसता मुकुट! बाकी सगळं त्यानं आपलं आपण उभं करायचं.

आपला हा वारलेला राजा म्हणजे नव्या राजाचा आजोबा. या आजोबा राजांजवळ कुसी नावाची बाई असायची. त्यांच्या अंगावरची धूळ झटकायची, माश्या वारायची, पुढ्यात मक्याची पेज ठेवायची. आणि त्यांच्या वतीनं बोलायचीही तीच. ती बोलली की आजोबा बोलले. पण काय बोलायचं ते ठरवायचे आजोबांचे मुलगे, म्हणजे नव्या राजाचे काका. कोठारातलं बसून खाणारे तेच ना! कुसीला ते मुळीच आवडायचं नाही. पण बिचारी सांगते कुणाला?

मग काय झालं, गारा पडल्या. सगळा मका आडवा झाला. गावोगाव पोरं उपाशी. नवा राजा नुकताच गादीवर बसलेला, त्याच्याकडे मूठभर दाणा नाही. मग तो आला आजोबांकडे. पाय अनवाणी, पाठीवर ओझं. इंकापुढे असंच जायचं, मग तुम्ही कितीही मोठे असा.

"आजोबा, कोठारं उघडा. लोकांनीच राबून भरलीत ती."

काका कुसीच्या कानाला लागले. कुसी म्हणाली, "झोपलोय मी. मग ये."

मग तो दुसऱ्यांदा आला. "विचार करतो," आजोबा म्हणाले. आजोबा कसले, काकाच ते.

मग तिसऱ्यांदा आला. या वेळी त्याच्या पाठीवर ओझं म्हणून एक लेकरू होतं, भुकेनं पार मलूल झालेलं.

"नाही म्हण," काका कुजबुजले.

कुसीनं लेकराकडे पाहिलं. तिचा जीव तुटला हो. आजोबांकडे पाहिलं, आणि मग भरदार आवाजात म्हणाली, "उघडा रे कोठारं! पहिली वाटी या लेकराला. आणि माझ्या नातवाला बसायला द्या, किती दमलाय तो."

काका लालबुंद झाले. ही कुसी बोलली म्हणावं, तर आजवरचं सगळं कुसीच बोलली होती. मग महालात राहायचं कुणाच्या शब्दावर? खायचं कुणाच्या शब्दावर? झाली ना पंचाईत! मुकाट्यानं उठले आणि दारं उघडायला गेले.

कुसी धूळ झटकायला वळली, तर काय! आजोबांची ताठ मान जराशी वळली होती, पेज पिणाऱ्या त्या लेकराकडे. खरंच सांगते.

गावोगाव चुली पेटल्या. सगळे पोटभर जेवले आणि पुढेही सुखानं नांदले. तुमचीही पोटं भरलीयत ना? मग मिटा डोळे. मी आहे इथंच.