दिव्याच्या तोंडावर फडकं

वस्तू एकमेकींशी भांडायच्या, त्या काळातली गोष्ट. हेमलताकाकू घरी भाजलेल्या कॉफीच्या बियांचा फोटो काढायला बसल्या. टेबलावरच्या दिव्याला त्यांनी सकाळीच दम भरला होता, "आज फोटो धड आला नाही, तर तुझी रवानगी माळ्यावर!"

दिवा जिवाच्या आकांताने पेटला. फोटोत बिया दिसल्या हुबेहूब शेळीच्या लेंड्या.

"उजेड कमी पडला," म्हणत त्याने डोळे आणखी वटारले.

"अहो दिवेभाऊ, आंधळ्या होऊ आम्ही!" बिया ओरडल्या.

दोरीवरचं चक्क्याचं फडकं म्हणालं, "बाबा रे, मला पुढ्यात येऊ दे."

"दह्याचा वास मारतोय तुला, आणि माझं तोंड झाकायला निघालंस?"

"माझ्यामुळे दह्याचा आंबटपणा निथळतो. तुझा भडकपणाही निथळेल."

माळा आठवून दिवा कबूल झाला. भडक उजेडाला वैतागलेल्या काकूंनी खरंच ते फडकं ओढून त्याच्यापुढे टांगलं. उजेड सायीसारखा पसरला आणि प्रत्येक बीच्या पोटावरची रेघ उमटली.

"अगंबाई, कॉफीचा वास येईल आता फोटोला!" काकू हरखल्या.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा निघताच दिव्याने हाक मारली, "फडकेराव, येताय ना?"

"आज श्रीखंडासाठी चक्का टांगलाय माझ्यात. तो निथळेपर्यंत विझून बस."

आणि दिवा खुशीत विझला.