चढता भाव, उतरता भाव

चोपड्याच्या मथुराबाई खैरनार लेकीच्या नर्सिंगची फी भरण्यासाठी साठवणीतलं सोन्याचं नाणं विकायला निघाल्या. त्या वामनशेठ सराफांच्या पेढीवर आल्या; नाणं तिथूनच घेतलेलं होतं.

शेठ नाक मुरडून म्हणाले, "भाव उतरतोय. त्यात नाणं जुनं, दहा टक्के कापावे लागतील."

मथुराबाई जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात एक शिक्षिका गुंतवणुकीसाठी नाणं घ्यायला आल्या. शेठ खुलले. त्यांनी नवं नाणं काढून समोर ठेवलं.

"आजच घ्या बाई, भाव चढतोय! आमचं नाणं कधीही परत आणा, पुरी किंमत!"

मथुराबाईंनी आपलं नाणं त्या नव्या नाण्याशेजारी ठेवलं. वजन तेच, शिक्काही तोच.

"शेठ, यातलं चढत्या भावाचं कोणतं आणि उतरत्या भावाचं कोणतं, ते या बाईंना सांगा की."

शिक्षिकाबाई पर्स मिटू लागल्या, तशी शेठनी मथुराबाईंना पुरी किंमत मोजली.