रुखवताची मोटार आणि ठकूमावशी

गोष्ट फार जुनी नाही, मोटारी विजेवर धावू लागल्या तेव्हाची.

समुद्रकाठच्या एका वाडीत चाकांवरच्या फिरत्या घरांसाठी विजेचा खांब होता. तिथे मुक्कामाला असलेल्या थोरल्या फिरत्या घराला सगळे ठकूमावशी म्हणत. भर दुपारी एक छोटी मोटार धापा टाकत आली नि खांबाच्या सॉकेटला बिलगली.

"कुणाची गं तू? पोटात काय?" मावशीनं लगेच विचारलं.

"रुखवत आहे, मावशी. संध्याकाळी मांडवात पोचलं नाही, तर मुलीकडच्यांची शोभा होईल."

तेवढ्यात खांबावरचं बटण खट्कन पडलं आणि वीज गेली.

"अधाशी मेली! सावकाश पी की!" मावशी करवादली.

खांबानं बटण वर केलं. मोटार घोटाघोटानं प्यायली, तरी ते पुन्हा पडलंच. ती रडकुंडीला आली.

शेवटी खांब म्हणाला, "मावशी, तिच्यावर कशाला डाफरता? तुमच्या आत माणूस नाही, तरी एसी चालूच आहे. दोघींना एकदम पाजायला मी पुरा पडत नाही."

मावशी वरमली. तिनं एसी बंद करून खिडक्या उघडल्या. मोटारीच्या पोटात वीज झुळझुळू लागली. उन्हं कलताना ती टवटवीत होऊन निघाली.

मावशी लगेच मागून ओरडली, "अगं, नवरामुलगा काय करतो, ते सांगायचं राहिलंच की!"