तात्यासाहेबांची वेबसाइट

शेवंता मोहिते मरगळलेल्या छोट्या वेबसाइटी विकत घ्यायची, नीट करायची आणि नफ्यानं विकायची. माजी सभापती तात्यासाहेब जगदाळ्यांची तालुक्याच्या बातम्यांची वेबसाइट तिला हवी होती. बातम्या कसल्या, तात्यांच्या वाढदिवसाचे फोटोच जास्त! पण गड्यानं तीन लाख सांगितले. तेवढ्यात तिची सगळी पुंजी जात होती.

"पासवर्ड घे, आठवडाभर हवं ते करून बघ," तात्या तोऱ्यात म्हणाले.

आठव्या दिवशी मिशीला पीळ देत ते तिच्या दारात हजर. "काय गं पोरी, पटली का किंमत? रोज हजार माणसं बघतात. एक दिवस बंद ठेवून बघ, लोक मोर्चा घेऊन येतील!"

"तात्या, गेल्या सोमवारपासून बंदच ठेवलीय. मोर्चाचं राहू द्या, तुम्ही तरी कुठं विचारायला आलात?"

तात्यांची मिशी सैल पडली. सौदा तीस हजारांत उरकला. बाजारभाव नि एसटीच्या वेळा घालून शेवंतानं वर्षभरात ती दोन लाखांना विकली. त्याआधी तात्यांचे फोटो तेवढे उतरवले. त्या फोटोंची चौकशी करायला आजतागायत कुणी फिरकलेलं नाही.