ओल्या कपारीतले स्फटिक

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एका राज्याच्या टोकाला एक काळा डोंगर होता. त्याच्या कातळात पोकळ्या होत्या आणि काही पोकळ्यांत स्फटिक वाढत. कुठे हिरवे, कुठे दुधासारखे. डोंगर कुणा एकाचा नव्हता, म्हणून आसपासच्या गावांतलं कुणीही तिथे दगड शोधायला जाई.

रीत मात्र ठरलेली होती. स्फटिक सापडले की मुठीत मावेल एवढा एकच दगड घ्यायचा आणि पोकळीच्या तोंडाशी हिरवी डहाळी खोचून यायचं. मागून येणाऱ्याला त्यावरून स्फटिकांची जागा कळायची.

पायथ्याशी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. एकदा राजाने दवंडी पिटवली, "जो सर्वांत सुंदर दगड आणेल, त्याला डोंगराचा राखणदार नेमू."

भावाला लहानपणापासून तेच व्हायचं होतं. दोघं लगेच वर गेली. उतरत्या उन्हात एका कपारीतून पाणी झिरपताना बहिणीला दिसलं. तिने आत डोकावलं. गुलाबीसर पांढरे स्फटिक, दवात भिजलेल्या गवतासारखे दाटीने उभे होते.

बहिणीने एक दगड अलगद काढला आणि करवंदीची डहाळी तोडली. भावाने तिचा हात धरला.

"ताई, डहाळी नको. कुणी इथलाच दगड दरबारात नेला तर? आपण सगळेच नेऊ."

"सगळे? आणि मागून येणाऱ्यांनी काय बघायचं, तुझं तोंड?"

"मी राखणदार झालो की डोंगर आपलाच! मग लाव हव्या तेवढ्या डहाळ्या."

"डोंगर आत्ताही आपलाच आहे की रे."

भावाने ऐकलं नाही. कपार रिकामी करूनच तो उठला.

घरी त्याने दगड कापसात गुंडाळले, पेटीत भरले आणि ओल जावी म्हणून पेटी चुलीशेजारी ठेवली. बहिणीने आपला दगड माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवला.

"ताई, स्फटिक आहे तो. कांदा लावल्यासारखा पुरतेस काय?"

"वर तो ओला होता. इथेही ओलाच राहू दे."

दरबाराचा दिवस आला. भावाने मोठ्या ऐटीत पेटी उघडली. कापसात नुसती पांढरी भुकटी होती.

"अरे, भाकरीचं पीठ आणलंस की काय?" कुणीतरी म्हणालं आणि दरबार हसला. भावाने बोटांनी चाचपून पाहिलं. एकही स्फटिक अख्खा नव्हता.

बहीण पुढे झाली. तिने ओलं फडकं सोडलं. आतला दगड लखलखला.

राजा पुढे वाकला. "असे आणखी कुठे आहेत?"

बहिणीने भावाकडे पाहिलं. भावाने मान खाली घातली. "कुठेच नाहीत, महाराज. होते ते मी काढले. ही भुकटी त्यांचीच."

राजाने बहिणीला राखणदार नेमलं आणि दगडासाठी हात पुढे केला.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "महालात सुकून याचंही पीठच होईल. याला बघायचं तर वर यावं लागेल. आणि वाटेवर पालखी जात नाही."

राजा हसला. "मग चालत येऊ."

बहिणीने दगड भावाच्या ओंजळीत ठेवला. "तूच ने."

फडक्यावर पाणी शिंपडत तो डोंगर चढला. रिकाम्या कपारीत त्याने दगड जागेवर ठेवला आणि तोंडाशी स्वतःच्या हाताने डहाळी खोचली.

कपार पुन्हा कधी भरली नाही. पण डहाळी सुकली की भाऊ नवी लावून येई. लोक येत, वाकून तो एकुलता दगड बघत आणि हात न लावता उतरत.

म्हणून लक्षात ठेवा: जे सगळ्यांचं आहे ते एकट्याचं करू गेलं, की ते कुणाचंच उरत नाही.