नाव घेऊन दिलेला पास

“सर, हेमराजला सोडू की ठेवू, एवढंच सांगा जी.”

डोर्लीकर सरांची नजर मैदानावर होती. नागपूरच्या त्या जुन्या मैदानात पोरं बास्केटबॉलचा सराव करत होती. एखादा चांगला पास पाहिल्याशिवाय म्हातारा मान वळवत नसे, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

शैलेश खुर्चीच्या कडेवर टेकला होता. याच मैदानावर वाढलेला हा शिष्य आता एका मोठ्या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक होता, आणि ते त्याच्या बुटांवरूनही कळत होतं. संघ तळाला गेल्यामुळे तो नव्यानं बांधायला घेतला होता. करार संपून मोकळा झालेला एक उंचपुरा पंजाबी खेळाडू त्यानं मिळवला होता. आता कप्तान हेमराज दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात त्यांची दोन ताज्या दमाची पोरं घ्यायची होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

“गुडघे थकले त्याचे. ही पोरं आली की संघ वर येतो, सर.”

“मंग अडलं कुठं?”

“हेमराज... माझ्या घरी जेवतो, सर. माझी लेक त्याला काका म्हणते.”

“त्याले सांगितलं?”

“मॅनेजर कळवेल. मला नाही जमायचं.”

सर पुन्हा पोरांच्या खेळाकडे बघू लागले.

त्यानं शैलेशचं डोकं फिरलं. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं ओठांवर आलं.

“तुम्हाला बरं जमलं होतं! मला मिलच्या संघाला दिलं आणि त्यांचा उंच गोम्स घेतला. डोळ्यांत टिपूस नव्हतं तुमच्या.”

“हो. देल्लं.” सरांनी चष्मा पुसला. “तिथल्या मास्तरनं पयल्याच दिवशी तुह्या डाव्या घोट्याले पट्टी बांधली होती ना, बाबू?”

“हो. मी काही बोलायच्या आधीच.”

“आन् हरल्यावर तो कधी तुले बोलला?”

“कधीच नाही. गुपचूप चहा आणून ठेवायचा...”

शैलेश थांबला. डावा घोटा मुरगळतो, हरल्यावर कुणी बोललेलं सोसत नाही... त्या परक्या माणसाला हे कसं कळलं, हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

“तुम्ही गेला होतात तिथं?”

“सायकलनं. तुह्या आधी पोचलो.”

...

सरांनी शिट्टी वाजवली. एका पोरानं पास दिला होता, पुढच्यानं बास्केटही केली होती, तरी त्यांनी ती बाद केली. ज्याला पास द्यायचा त्याला नावानं हाक मारायची, हा इथला कायदा. हाक नाही तर बास्केट नाही. या कायद्यापायी शैलेशनंही लहानपणी पोटभर बोलणी खाल्ली होती.

पोरं खाली मान घालून पुन्हा उभी राहिली.

शैलेशनं फोन काढला. होकाराचा निरोप लिहून तयार होता. त्यानं तो पाहिला आणि फोन परत खिशात टाकला.

“मग सर... देऊ की नको?”

घरंगळत आलेला चेंडू सरांनी उचलला. “शैलेश!” अशी हाक मारून त्याच्या छातीकडे टाकला. शैलेशच्या हातांनी तो आपसूक झेलला.

“दे की,” सर म्हणाले. “पण नाव घेऊन दे.”